टोचणाऱ्या सिस्टरचं नाव कुठे लिहिलंय?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातले डॉक्टर एक दिवस संपावर गेले. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, तर त्यांची ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद करायची की नाही, हा वाद होता. आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर तो लगेच स्किन क्लिनिकांवर घसरला. सुरकुत्या घालवायचं बोटॉक्सचं इंजेक्शन कोणी द्यायचं, एमडीने की होमिओपॅथीच्या बीएचएमएसने? त्या खोलीत सिरिंज भरणारी, पुष्कळदा टोचणारीही, सिस्टर असते. तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मी ठाण्यात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला आणि आता इंग्लंडमध्ये अशाच एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. इकडे सगळं कडक असतं असं घरी सगळ्यांना वाटतं, पण तसं नाही. ओठांत फिलर, म्हणजे ते भरीव दिसावेत म्हणून घालायचं जेल, टोचायला इथे अजूनही वैद्यकीय पदवी लागत नाही. सर ब्रूस किओ यांच्या समितीने २०१३ मध्ये या धंद्याचे वाभाडे काढले, आणि परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो २०२२ च्या कायद्याने. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना हे टोचायला बंदी आली तीसुद्धा ऑक्टोबर २०२१ मध्ये. तेव्हा इंग्लंडचे गोडवे मी गाणार नाही.

पण एक गोष्ट इथे पक्की आहे. इथल्या नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणी माझ्या नावावर आहे आणि ती कोणालाही ऑनलाइन तपासता येते. दर तीन वर्षांनी मला ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण झाल्याचं दाखवावं लागतं. बोटॉक्स इथे औषधाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना ती चिठ्ठी लिहिता येते, मात्र जून २०२५ पासून पेशंटला समोर बसवून तपासल्याशिवाय नाही, फोनवर किंवा व्हिडिओवर चालत नाही. काही बिघडलं तर ‘मालकाने सांगितलं म्हणून केलं’ हे उत्तर कौन्सिलपुढे टिकत नाही. म्हणून मालकाला तोंडावर नाही म्हणायची ताकद माझ्यात येते.

घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमधल्या माझ्या मैत्रिणीकडे ही ताकद नाही. लग्नसराईत तिच्याकडे नवऱ्या मुली उजळपणासाठी ग्लुटाथायोनची ड्रिप मागायला येतात. तिथले डॉक्टर सर वाशीच्या शाखेत असतात आणि व्हॉट्सॲपवर ‘लाव’ म्हणतात. “मी नाही लावली तर उद्या दुसरी लावेल गं,” ती म्हणते.  शिरेतून जाणारी ड्रिप म्हणजे अंगाला चोळायचं क्रीम नव्हे. मग हे औषध कोणी लिहून दिलं, कागद कुठाय, हे विचारायचा हक्क तिला का नसावा?

फिलरचं तर याहून गंभीर. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरीफटक पडते, मग त्यावर निळसर जाळी उमटते. डोळ्याकडे जाणारी वाहिनी बंद झाली तर दृष्टी जाते आणि बहुतेकदा परत येत नाही. हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरवर हायलुरोनिडेज हा उतारा आहे, पण तो क्लिनिकच्या कपाटात हवा आणि तातडीने द्यायला हवा. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळलेले असतात, तेव्हा रंग बदललेला आधी दिसतो तो बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरला. तिला कोणी शिकवलं नसेल तर तो दिसूनही कळणार नाही.

‘डॉक्टरांनाच शिस्त नाही आणि नर्सला कसले अधिकार देता?’ असं ग्रुपवर एकीने विचारलं. नर्सने चिठ्ठी लिहावी असं माझं म्हणणंच नाही. लेखी ऑर्डरशिवाय सुई उचलणार नाही, एवढं तिला म्हणता यावं आणि त्यापायी नोकरी जाऊ नये. खाटा असलेल्या नर्सिंग होमसाठी राज्याचा १९४९ चा कायदा आहे, बिनखाटांचं क्लिनिक त्यातून निसटतं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. नर्सिंगचा नवा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात राज्य आयोगाची तरतूद आहे. त्या आयोगाने स्किन क्लिनिकमधल्या सिस्टरची नोंद तपासावी, तिचा नोंदणी क्रमांक डॉक्टरच्या पाटीशेजारी लावायला लावावा, आणि ऑर्डर नाकारल्याबद्दल काढून टाकलेल्या सिस्टरची तक्रार ऐकायला एक माणूस नेमावा. संपाच्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या डॉक्टरांनी ही मागणी आपल्या यादीत घेतली, तर मी इथून त्यांच्या बाजूने लिहीन.