शंभर मिळाले म्हणून ओरडा

परवा रात्री पावणेतीनला मी जिन्यात उभा राहून ओरडा खाल्ला. जिन्यात अशासाठी, की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मोबाईलची रेंज दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच येते, तीही मीटरच्या पेटीकडे तोंड केलं तर.

प्रकरण एवढंच. ग्राहकांचे पत्ते बदलणारा रात्रीचा कोबॉल जॉब, म्हणजे कोबॉल भाषेतला, रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, ओळीनं 'यशस्वी, यशस्वी, यशस्वी', आणि डेटाबेसच्या टेबलात एकही पत्ता बदललेला नाही. आलेल्या फाइलमधल्या ग्राहक क्रमांकांची सुरुवातीची शून्यं कुणीतरी वाटेत कापली होती, त्यामुळे अपडेटला कोणी सापडतच नव्हतं. साहेब फोनवर विचारत होते, "यशस्वी कसं लिहिलंस?"

डेटाबेस प्रत्येक कामाचा निकाल एका आकड्यात कळवतो, त्याला एसक्यूएलकोड म्हणतात. मी खालच्या आवाजात म्हणालो, "सर, एसक्यूएलकोड शंभर आला होता."

एवढ्यात वरून टॉर्च पडला. "कोण रे तिकडे?"

तिसऱ्या मजल्यावरचे काका. कानटोपी, स्वेटर, हातात पाण्याचा तांब्या. सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. झोप तेव्हापासून येत नाही म्हणे. मी फोन म्यूट केला.

"शंभर मिळाले?" काका दोन पायऱ्या उतरले. "कितीपैकी?"

"कितीपैकी नाही हो काका. शंभर म्हणजे सापडलं नाही."

"आणि सापडलं तर?"

"शून्य."

"शून्य मिळालं की पास?"

"हो."

"आणि नापास?"

"उणे. उणे ८०३, उणे ९११, असं काहीतरी येतं."

काका पायरीवर बसलेच. "उणे नऊशे अकरा! आमच्या वेळी मास्तर इतके खाली जात नसत."

त्यांनी तांब्यातलं पाणी मला देऊ केलं. साहेब फोनवर एकटेच बोलत होते.

"मग शंभर आले तर तू यशस्वी का लिहिलंस?"

अगदी साहेबांचाच प्रश्न, पण यांना उत्तर द्यावंसं वाटलं. डीबी-टू या आमच्या डेटाबेसमध्ये एसक्यूएलसीए नावाची १३६ बाइटची डबी असते. प्रत्येक विधान, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, झालं की त्याचा निकाल तिच्यात येतो. टेबलातल्या किती रो, म्हणजे ओळी, बदलल्या तेही एका खणात लिहिलेलं असतं. पण डबी एकच. पुढचं विधान चाललं की आधीचा निकाल पुसला. आमच्या प्रोग्रॅममध्ये अपडेट झालं, शंभर आले, मग लॉगच्या टेबलात नवी नोंद घालणारं एक इन्सर्ट झालं, ते बिचारं नीट झालं, शून्य आलं, आणि आम्ही डबी उघडली ती त्यानंतर.

"म्हणजे एका पत्राचा शेरा दुसऱ्या पत्रावर," काका म्हणाले. "पोस्टमन बरा रे तुझ्यापेक्षा. घर बंद असलं तर त्याच पाकिटावर 'घर बंद' लिहितो."

मग १९८४ सालच्या एका जावक पत्राची गोष्ट सुरू झाली. ती मी इथे सांगणार नाही, मला एकदा ऐकावी लागली तेवढं पुरे. मध्येच त्यांनी मला पगार विचारला. मी थोडा कमी सांगितला, तरी त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारून खात्री करून घेतली.

निकाल सांगणारा पाच अक्षरांचा एसक्यूएलस्टेटही असतो, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९२च्या मानकातला. पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात, उरलेली तीन बारकावा; पिनकोडात ४११ म्हटलं की पुणे आणि ०३८ म्हटलं की कोथरूड, तसंच. ०२ने सुरू झाला की सापडलं नाही, २३ने सुरू झाला की नियम मोडला. गेट डायग्नोस्टिक्स हा हुकूम दिला तर याहून तपशील मिळतो, फक्त तेही लगेच विचारावं लागतं. हे सगळं मला येतं. मुलाखतीत मी इतरांना विचारतो.

आणि खरं सांगायचं तर ती इन्सर्टची ओळ मी हौसेनं घातलेली नाही. गेल्या महिन्यात याच साहेबांची मेल होती: लॉग अपडेटच्या लगेच खाली घ्या. मी घेतला. कोड आधी एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवायला हवा होता, ते माझं चुकलं, कबूल. पण सकाळच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर माझी ओळ पिवळी करून दाखवली, मेल नाही दाखवली. ती मेल अजून माझ्याकडे आहे. एका वेगळ्या फोल्डरमध्ये.

दुरुस्तीला एक ओळ लागली. काल रात्री जॉब नीट चालला. सकाळी दूध घेऊन वर येताना काका भेटले, शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी. काकांनी सगळी हकीकत त्यांना सांगितलेली दिसत होती, कारण ते माझ्याकडे पेशंटकडे बघावं तसे बघत होते.

"काय रे, आज किती?" काकांनी विचारलं.

"शून्य!" मी छाती काढून सांगितलं.

"अरेरे," सेक्रेटरी म्हणाले, आणि माझ्या हातातली दुधाची पिशवी त्यांनी मुकाट्यानं वरपर्यंत आणून दिली.