‘समितीकडे गेलं म्हणजे संपलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या एका स्टेशनरीवाल्यांनी दुकानात बोलावलं. गुमास्ता परवान्याचं काही काम निघालं असेल म्हणून फाइल घेऊन गेले, तर त्यांनी फोनच पुढे केला. ‘मॅडम, हे खरं का?’

मेसेज थोडक्यात असा: ‘व्यापाऱ्यांनो, जागे व्हा. धंद्यावरचं विधेयक मंत्रिमंडळात मंजूर झालं की कायदा झालाच. नंतर समितीकडे पाठवतात तो निव्वळ देखावा. समितीत सगळे सत्ताधारी, एक शब्द बदलत नाहीत. बोलावणं फक्त मोठ्या कंपन्यांना. हरकती-सूचना पाठवून टपालाचा खर्च करू नका. शटर खाली हाच एक उपाय.’

पंधरा दिवसांत हा मेसेज ठाण्यापासून वाशी-कोपरखैरण्यापर्यंतच्या पाच ग्रुपवर मला दिसला. नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसात बसून मी बावीस वर्षं लहान दुकानदारांची शॉप ॲक्ट, पीएफ, ईएसआयची कामं करते. कायद्यातला एक शब्द हलला की माझ्या पक्षकाराच्या खिशाला काय होतं, ते मला रोज दिसतं. म्हणून हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही, घातक वाटतो. जिथं बोलून उपयोग होतो, नेमकं तिथंच तो गप्प बसायला सांगतो.

‘मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे कायदा.’ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यातल्या बदलांना मंत्रिमंडळानं मान्यता दिली: दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा, आणि कायदा लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीस. त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. ‘उद्यापासून मुलांना तासभर जास्त थांबवू का?’ मी प्रत्येकाला एकच सांगितलं, राजपत्र हातात येईपर्यंत हजेरीपटाला हात लावू नका. मंत्रिमंडळाची मान्यता म्हणजे सरकारची तयारी. विधेयक सभागृहात मांडलं जातं, त्यावर चर्चा होते, एकेक खंड, म्हणजे कलम, मताला टाकला जातो, दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच, मग राज्यपालांची संमती. केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा समवर्ती सूचीतला विषय असेल आणि केंद्राच्या कायद्याशी टक्कर होत असेल, तर राष्ट्रपतींचीही संमती लागते.

एक अपवाद आहे, तो लपवणार नाही. अध्यादेश. अधिवेशन चालू नसताना घटनेच्या अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल तो काढू शकतात आणि तो लगेच लागू होतो. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. पण तोवर दुकानदाराला पाळावाच लागतो, आणि बोलायला जागा कुठं नसते. या वाटेवर कुणी रागावलं तर मी त्याच्या बाजूनं आहे.

‘मग ते समितीकडे पाठवतात.’ इथं मेसेज लिहिणाऱ्यानं मुळातच उलटं धरलंय. महाराष्ट्रात बहुतेक विधेयकं समितीकडे जातच नाहीत! संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. केरळच्या विधानसभेत विषय समित्या आहेत आणि विधेयक सर्वसाधारणपणे त्यांच्याकडे जातं. आपल्याकडे सभागृहानं तसा ठराव केला तरच त्या विधेयकापुरती समिती बसते. एकाच सभागृहाची असेल तर प्रवर समिती, दोन्ही सभागृहांची असेल तर संयुक्त समिती. बातम्यांत तिलाच चिकित्सा समिती म्हणतात. जनमत अजमावण्यासाठी विधेयक प्रसृत करण्याचीही सोय आहे. एरवी विधेयक गोंधळात, चहा थंड व्हायच्या आत मंजूर झालेलं मी थेट प्रक्षेपणात पाहिलंय. तेव्हा रागवायचंच असेल तर विधेयक समितीकडे का पाठवलं नाही, यावर रागवा. पाठवलं तर ते आपल्या फायद्याचं असतं.

‘एक शब्द बदलत नाहीत.’ बेकायदा संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक घ्या. ते धंद्याचं नव्हतं, पण समितीचं काम कसं चालतं ते त्यात दिसतं. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते संयुक्त समितीकडे गेलं. बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. समितीनं दीर्घ शीर्षक आणि उद्देशिकेतले शब्द बदलले, सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. हे बदल पुरेसे होते का, यावर आजही वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण ‘एक शब्द बदलत नाहीत’ हे धडधडीत खोटं आहे. समितीकडून परत आलेलं विधेयक उघडून पाहा. बदललेल्या शब्दांखाली रेघ मारलेली असते, कोणता शब्द कुठं आला ते बोटानं दाखवता येतं.

आता धंद्याचंच उदाहरण. ऑगस्ट २०२३ मध्ये बोगस बियाणं, खतं आणि कीटकनाशकांविरुद्ध पाच विधेयकं आली, क्रमांक ४० ते ४४. हेतू चांगलाच होता. दुबार पेरणीची वेळ आलेल्या शेतकऱ्याला भरपाई मिळायलाच हवी, मुरबाड-शहापूरकडच्या कुठल्याही घरात विचारा. पण त्यातलं एक विधेयक झोपडपट्टीदादांसाठीच्या एमपीडीए कायद्यात बसत होतं, म्हणजे विक्रेत्याला स्थानबद्ध करण्याची, खटल्याआधीच कैदेत ठेवण्याची तरतूद. कृषी सेवा केंद्रवाल्यांचं म्हणणं साधं होतं: कंपनीनं सीलबंद केलेलं पाकीट आम्ही जसंच्या तसं विकतो, आत काय आहे ते फोडून बघायचा आम्हाला अधिकारही नाही, मग गुंडाच्या रांगेत आम्ही का? २ ते ४ नोव्हेंबर २०२३ ला राज्यभर दुकानं बंद राहिली. विधेयकं संयुक्त समितीकडे गेली होती, आणि मांडली तशी ती कायद्यात उतरली नाहीत.

दोन्ही बाजू एकाच टेबलावर आणून ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ हे दोन शब्द वेगळे करायचे, हे काम समितीचं. सभागृहात घोषणा चालू असताना ते होत नाही.

‘सगळे सत्ताधारी.’ समितीत विरोधी पक्षांचेही सदस्य असतात, आणि ज्याला अहवाल पटला नाही तो भिन्नमतपत्रिका जोडू शकतो. ती अहवालाबरोबरच छापली जाते. बहुमत सत्ताधाऱ्यांचं असतं, हे मात्र खरं. अध्यक्षपदी बहुतेकदा मंत्रीच असतो. जनसुरक्षेच्या समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे होते, महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाच्या समितीचे अध्यक्ष गृहमंत्री. ज्या सरकारनं विधेयक आणलं त्याच्याच मंत्र्यानं ते तपासावं, हे मला पटत नाही. बैठका बंद दाराआड होतात, तेही पटत नाही. हे बदला अशी मागणी करू या. पण सदोष समिती आणि समितीच नको, यांत फार अंतर आहे.

‘फक्त मोठ्या कंपन्यांना बोलावणं.’ तोंडी साक्षीला कुणाला बोलवायचं ते समिती ठरवते, आणि मोठ्या संघटनांकडे त्यासाठी वकील असतात, हे मान्य. पण लेखी सूचना कुणालाही पाठवता येते. माझी तक्रार आपल्याच लोकांबद्दल आहे, आपण पाठवतो काय? ‘हा काळा कायदा मागे घ्या, व्यापारी एकजुटीचा विजय असो.’ खाली चाळीस सह्या. असं पत्र वाचून समितीतला आमदार काय करणार? तो ते बाजूला ठेवतो.

त्याऐवजी असं लिहिलं तर: ‘अमुक खंडात “विक्रेता” या शब्दानंतर “सीलबंद वेष्टन न उघडता विकणारा विक्रेता वगळून” असे शब्द घालावेत. कारण: आमच्याकडे नमुना तपासायची प्रयोगशाळा नाही, खरेदीचं बिल मात्र आहे.’ तीन ओळी. आमदाराला त्याची दुरुस्ती तयार मिळते.

नेमक्या शब्दाची किंमत मी २०२२ मध्ये पाहिली. मराठी पाट्यांची दुरुस्ती आली, त्यात दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही आली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत अशी अट आली. मला ती दुरुस्ती मनापासून हवी होती. पण गोखले रोडवरच्या एका दुकानदाराबरोबर मी स्टुलावर चढून टेप लावून अक्षरं मोजली आहेत. मात्रा-वेलांटीसकट मोजायचं की शिरोरेषेपासून खाली? रंगारी खाली डबा घेऊन उभा, आणि आम्ही दोघं ‘आकार’ या एका शब्दावर अडलेलो. असा प्रश्न कुणा दुकानदारानं विधेयकाच्या वेळीच लिहून पाठवायला हवा होता. मीही पाठवला नव्हता, याची मला खंत आहे.

‘शटर खाली हाच उपाय.’ बंदला ताकद आहे, नाकारणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये शेतमालाच्या खरेदी-विक्रीच्या, म्हणजे पणन कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध वाशीच्या बाजार समितीत व्यापारी आणि माथाडी एकत्र उभे राहिले आणि सरकारनं माघार घेतली. पण बंदच्या दिवशी हमालाची मजुरी बुडते, भाजी सडते. शिवाय बंद फक्त ‘नको’ म्हणू शकतो. ‘इथं हा शब्द घाला’ असं त्याला म्हणता येत नाही.

स्टेशनरीवाल्यांना मी हे सगळं काउंटरवरच सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पत्र मराठीत चालेल का, आणि कुणाला पाठवायचं. मराठीतच लिहा, राज्याचं विधेयक मराठीत छापलं जातं. सूचना मागवल्याची जाहिरात आली की तिच्यातली शेवटची तारीख आधी कॅलेंडरवर लिहा. एक प्रत आपल्या आमदाराला द्या. पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असेल तर कोकण पदवीधर मतदारसंघाच्या विधान परिषद सदस्यांनाही द्या, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मूळ पत्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०० ०३२ या पत्त्यावर. आणि पाकिटावर विधेयकाचा क्रमांक व साल ठळक लिहा. नुसतं नाव लिहू नका, एकाच कायद्याची दोन सुधारणा विधेयकं असू शकतात आणि पत्र भलत्याच फाइलला लागतं.