चौथ्या नंबरचा मागचा पाय

दिवाळीच्या सुट्टीच्या गृहपाठात यंदा शाळेने एक ओळ घुसडून दिली होती : 'जवळच्या कलादालनाला भेट द्या व दहा ओळी लिहा.' ज्या बाईंनी ही ओळ लिहिली त्याही आमच्यासारख्याच डोंबिवलीच्या. तेव्हा 'जवळच्या' म्हणजे फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरायचं आणि पुढे काळा घोड्यापर्यंत सईला कडेवर घ्यायचं, हे त्यांना ठाऊक असणारच. शाळा असल्या गोष्टी मुद्दाम करतात असं माझं मत आहे.

ओजस चौथीत. सई साडेतीन वर्षांची, म्हणजे गृहपाठ नसलेली. पण तिला घरी ठेवायचं कुणाकडे? नवऱ्याची ड्यूटी होती. शेवटी सासरे म्हणाले, "चल, मीही येतो. कशाचं प्रदर्शन आहे?"

"आधुनिक शिल्पांचं, बाबा. लोखंड, स्टील वगैरे."

लोखंड म्हटल्यावर बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला. ते परळ वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. रेल्वेच्या इंजिनांखाली झोपून नोकरी केलेला माणूस.

मी आदल्या रात्री मोबाईलवर वाचून जय्यत तयारी केली होती. लोकलमध्ये ठाण्यापर्यंत ओजसला ब्रांकुशीची गोष्ट सांगितली. त्याचं 'बर्ड इन स्पेस' नावाचं शिल्प 1926 साली अमेरिकेत उतरलं, तेव्हा कस्टमवाले ते कला मानायला तयार होईनात. त्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात टाकून 40 टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1928 साली निकाल लागला, की हे शिल्पच आहे.

"त्या पक्ष्याला चोच होती?" ओजसने विचारलं.

"नव्हती."

"पंख?"

"तसे नव्हते."

ओजस सरळ कस्टमवाल्यांच्या बाजूने गेला. बाबांनी धातू कुठला ते विचारलं. ब्राँझ म्हटल्यावर चाळीस टक्के जरा जास्तच होतात, एवढा अभिप्राय देऊन त्यांनी डोळे मिटले.

काळा घोड्याच्या चौकात पहिला पेचप्रसंग आला. तिथल्या घोड्यावर कुणीच बसलेलं नाही. ओजसला काळ्या घोड्यावर बसलेला माणूस पेंग्विन बघायला गेलो होतो तेव्हा राणीच्या बागेत दिसला होता आणि ते त्याच्या नेमकं लक्षात होतं. मग भर रस्त्यात इतिहास झाला : तो सातवा एडवर्ड, त्याला घोड्यासकट 1965 साली इथून भायखळ्याला हलवलं आणि चौकाचं नाव तेवढं मागे राहिलं. पुढे 2017 मध्ये इथे नवा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय.

"म्हणजे भायखळ्याला घोडा आणि माणूस, आणि इथे नुसता घोडा. मग एक माणूस कमी पडतोय," ओजस म्हणाला. हा मुलगा गणितात सहासष्ट टक्क्यांच्या वर जात नाही.

दालन वातानुकूलित होतं. पांढऱ्या भिंती, जमिनीवर प्रत्येक शिल्पाभोवती चिकटवलेली पिवळी पट्टी आणि प्रत्येक पट्टीशी 'कृपया हात लावू नये'. खुर्चीत बसलेले सिक्युरिटीवाले काका आम्हाला पाहून उठून उभे राहिले. कुठल्याही दालनात लहान मुलांना मिळणारा हा मान मंत्र्यांनाही मिळत नसेल.

मी दारातच दोघांना बजावलं. हात लावायचा नाही, टेकायचं नाही, पट्टी ओलांडायची नाही. यावर ओजसने फोनमधला एक फोटो शोधून माझ्या नाकासमोर धरला. माझ्या मामेबहिणीचा मुलगा शिकागोत त्या प्रसिद्ध चकचकीत 'बीन'ला दोन्ही तळवे लावून उभा. "ते पण शिल्पच आहे ना? मग तिथे चालतं ते इथे का नाही?"

याला उत्तर नव्हतं म्हणून मी माहिती दिली. ते करणारे अनिश कपूर आपल्या मुंबईत जन्मलेले, 1954 साली. शिल्पाचं खरं नाव 'क्लाउड गेट'. स्टेनलेस स्टीलचे 168 पत्रे वेल्ड करून ते केलंय आणि एकही सांधा दिसत नाही.

बाबा थांबले. "एकही नाही?"

"असं लिहिलं होतं."

"मग ग्राइंडिंग कुणी केलं? त्याचं नाव आहे का खाली?"

तेही लिहिलेलं नव्हतं. बाबांनी मान हलवली आणि पहिल्या शिल्पाकडे वळले.

मी सईला कडेवरून उतरवलंच नाही. तिचे हात कुठे पोचणार नाहीत याची ती एकमेव खात्रीची सोय होती. त्यामुळे मी ते प्रदर्शन साधारण असं पाहिलं : सईचा उजवा हात, सईचा डावा हात, ओजस कुठाय, सईचा उजवा हात. मधूनच एखादा गंजलेला गर्डर डोळ्यांसमोरून जायचा. एका शिल्पाचं नाव 'अनटायटल्ड 7' होतं. ओजसला पहिली सहा हवी होती. 'स्मृती' नावाच्या शिल्पात ट्रकचे पाटे एकावर एक रचले होते आणि ते मला खरोखर आवडलं. पण का आवडलं याचा विचार करायला लागणारी दोन मिनिटं त्या दिवशी मला कुणी दिली नाहीत.

काही नावांच्या पाटीवर लाल ठिपका होता. लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं, असं मी ओजसला समजावलं. सईही ऐकत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिचे हात जगात कुठेच पोचत नसले, तरी माझ्या कपाळापर्यंत पोचत होते. थोड्या वेळाने टेबलामागची मुलगी लगबगीने आली आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "मॅम, हे तुम्ही घेताय?"

माझी टिकली पाटीवर लागली होती. पाटीवर साडेचार लाख असंही लिहिलं होतं.

मी हसले. ती हसली. मग माझं कपाळ बघून ती जरा कमी हसली. टिकली काढायला मी हात पुढे केला, तर पाटी पिवळ्या पट्टीच्या आत. सिक्युरिटीवाले काका दोन पावलं पुढे आले. शेवटी त्या मुलीनेच नखाने टिकली सोडवून माझ्या हातात दिली. सईने विक्री रद्द झाल्याबद्दल भोकाड पसरलं.

या गडबडीत ओजस मात्र इतका सज्जन झाला होता, की मला संशय यायला हवा होता. दालनात मधोमध बाक होता, त्यावर तो बसेना. "याला हात लावलेला चालतो का?" पाण्याच्या कूलरपाशीही तोच प्रश्न. बाथरूममधून परत आला तो हात न धुता, कारण नळाखाली काही लिहिलेलं नव्हतं. गणितात गेलेले मार्क मुलं अशी शिस्तीत भरून काढतात.

आणि तेवढ्यात टण् असा आवाज आला.

बाबा चौथ्या नंबरच्या शिल्पाला बोटाच्या पेराने वाजवून बघत होते. पिवळी पट्टी त्यांच्या चपलांच्या मागे होती.

"काका, हात नका लावू!" सिक्युरिटीवाले धावले.

"अहो, आत पोकळ आहे हे," बाबा म्हणाले. "तीन एमएमचा पत्रा. आणि हे बघा, इथे नुसते टाके मारून सोडलंय, पूर्ण रन मारलेला नाही. इकडचा टाका तर सुटलाय."

काका वाकले. मग दोघेही वाकले. मी दुरून दोन पाठी पाहिल्या.

"मी रोज दहा ते सात यांच्या समोर बसतो, साहेब," काका हळूच म्हणाले. "दुपारी ट्रक गेला की हे हलतं. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तो त्याचा भाग आहे."

"कसला भाग? पडेल कुणाच्या अंगावर."

पुढचा अर्धा तास बाबांनी काकांना सगळं प्रदर्शन फिरून दाखवलं. कुठे आर्क चांगला धरलाय, कुठे अंडरकट आलाय, कुठला पाटा पंजाब बॉडीच्या ट्रकचा. दोघांपैकी कुणी पाट्या वाचल्या नाहीत. एका वाकवलेल्या चॅनेलसमोर बाबा खूप वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे गरम न करता वाकवलंय. याला माणूस पाहिजे." एवढी मनापासून दाद मी कुठल्या समीक्षकाच्या लेखात वाचलेली नाही, आणि मी आदल्या रात्री बरेच वाचले होते.

निघताना टेबलावर अभिप्रायाची वही होती. माझ्या आधी कुणीतरी 'विचारप्रवर्तक' असं लिहून लफ्फेदार सही केली होती. बाबांनी चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'काम मजबूत आहे. चौथ्या नंबरच्या मागच्या पायाचा एक टाका सुटला आहे. प्रदर्शन संपण्याआधी मारून घेणे.' खाली नाव, 'निवृत्त चार्जमन, परळ वर्कशॉप' आणि फोन नंबर.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. खुद्द शिल्पकार होते. बाबांनी स्पीकर लावला.

"काका, आपण मागचा पाय म्हणालात. पण या कलाकृतीला पुढचं-मागचं असं काही नाहीये हो. तीच तर तिची कल्पना आहे."

"बरं," बाबा म्हणाले. "तुमचे सिक्युरिटीवाले जिथे बसतात ना, तिथून डावीकडचा. वेल्डर आहे का तुमच्याकडे, की मी येऊ?"