‘बॅटल रॉयल’ आणि ‘माणूस शेवटी जनावरच’

‘बॅटल रॉयल’ या जपानी मांगाबद्दलचा (म्हणजे चित्रकथेबद्दलचा) एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: जपानमध्ये वाया गेलेल्या पोरांना धडा शिकवायला सरकार त्यांना बेटावर सोडतं, सगळा देश तो तमाशा टीव्हीवर बघतो, संधी मिळताच मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात, म्हणजे माणूस शेवटी जनावरच. जाता जाता दोन पुड्या आणखी: ‘हंगर गेम्स’ ही अमेरिकी कादंबरी याची चोरी आहे आणि जपानमध्ये यावर बंदी होती. एवढ्या चुका एका परिच्छेदात बसवायलाही कसब लागतं! (पुढे कथेतला एक मोठा प्रसंग फुटणार आहे. मांगा वाचायचा असेल तर इथेच थांबा.)

आधी ‘वाया गेलेली पोरं’. हे मांगातलं नाहीच, ते डिसेंबर २००० मध्ये आलेल्या किंजी फुकासाकूच्या चित्रपटातलं आहे. बेकारी १५ टक्क्यांवर गेलेली, ८ लाख मुलांनी शाळेकडे पाठ फिरवलेली आणि मुलांना घाबरलेल्या मोठ्यांनी केलेला कायदा, ही सगळी पार्श्वभूमी तिथली. कौशुन ताकामीची मूळ कादंबरी १९९९ ची. ताकामीनेच लिहिलेला आणि मासायुकी तागुचीने चितारलेला मांगा २००० ते २००५ या काळात चालला, त्याचे १५ खंड झाले. या दोन्हींत देशाचं नाव आहे ‘बृहत् पूर्व आशिया प्रजासत्ताक’. ही एक काल्पनिक हुकूमशाही. तिथे ‘प्रोग्राम’, म्हणजे एकच जण उरेपर्यंत वर्गातल्या मुलांना एकमेकांना मारायला लावणारा सरकारी खेळ, १९४७ पासून सुरू आहे आणि दरवर्षी नववीचे ५० वर्ग त्यासाठी निवडले जातात. शिरोइवा शाळेच्या नववी ‘ब’ मधल्या ४२ मुलामुलींनी काहीही केलेलं नाही. ती सहलीला निघालेली असतात. शिक्षा म्हटलं की वाचक लगेच ‘काहीतरी केलं असेल’ असं मनाशी म्हणतो. मांगा नेमकी हीच पळवाट बंद करतो.

टीव्हीच्या तमाशाची गंमत आणखी वेगळी. ज्याने इंग्रजीतून वाचलंय त्याला मी दोष देणार नाही. टोकियोपॉप या प्रकाशनाच्या इंग्रजी आवृत्तीचे संवाद कीथ गिफन या अमेरिकी लेखकाने नव्याने लिहिले आणि त्यात ‘प्रोग्राम’चा सरळ रिअॅलिटी शो करून टाकला. मूळ जपानी कथेत थेट प्रक्षेपण नाही. जिंकलेला विद्यार्थी बातम्यांत क्षणभर दिसतो, एवढंच. वरचे अधिकारी आपसात पैजा लावतात, तेही गुपचूप. शो म्हटलं की दोषाचा वाटा प्रेक्षकाकडे जातो. इथे प्रेक्षकच नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की हे कुठेतरी चालू आहे, पण कुणी बघत नाही आणि बोलत तर मुळीच नाही. मला ही कल्पना कॅमेऱ्यांपेक्षा जास्त भयानक वाटते.

आता ‘माणूस जनावरच’. माझं खरं भांडण इथे आहे.

जनावरांना सोडून दिलं तर ती आपापल्या वाटेने जातात. या मुलांना तशी सोय नाही. प्रत्येकाच्या गळ्यात स्फोटकांचा पट्टा. दर सहा तासांनी मेलेल्यांची नावं पुकारली जातात आणि नकाशावरचे आणखी काही चौकोन निषिद्ध होतात. तिथे सापडलात तर पट्टा फुटतो. २४ तासांत एकही मेला नाही, तर सगळ्यांचेच पट्टे फुटतात. (पब्जीतलं आवळत जाणारं वर्तुळ आठवलं असेल. त्या खेळप्रकाराचं नावच इथून गेलंय.) हत्यारंही मुद्दाम विषम: एकाच्या पिशवीत मशीनगन, तर दुसऱ्याच्या पिशवीत जेवणाचा काटा. शांत बसणं हाच गुन्हा ठरवला की कोण हिंसक आणि कोण अहिंसक हा प्रश्न उरतच नाही.

तरीही बघा, किती जण नकार देतात. युमिको आणि युकिको टेकडीवर जाऊन कर्ण्यावरून हाका मारतात, लढू नका, इकडे या. त्या मारल्या जातात. एक जोडपं कुणालाही हात न लावता कड्यावरून उडी घेतं. शिंजी मिमुरा बेटावरची संगणक यंत्रणा पाडायच्या मागे लागतो. हिरोकी सुगिमुरा दोन मुलींच्या शोधात बेट पालथं घालतो. काहीही न वाटता मारत सुटणारे किरियामासारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि मग दीपगृह. वर्गप्रमुख युकिए उत्सुमी पाच मैत्रिणींना गोळा करून तिथे आसरा घेते. नायक शूया नानाहारा जखमी होऊन येतो, तेव्हा त्यालाही आत घेते. पण त्यांच्यातल्या युको साकाकीने आधी एक दृश्य पाहिलेलं असतं: शूया आणि वर्गातलाच ओकी झटापटीत उतारावरून घरंगळले आणि ओकीचीच कुऱ्हाड ओकीच्या डोक्यात बसली. युकोने पाहिला तो फक्त कुऱ्हाड उपसणारा शूया. घाबरून ती त्याच्या जेवणात विष कालवते. चव घ्यायला म्हणून ते दुसरीच मुलगी खाते आणि तिथेच कोसळते. मग प्रश्न एकच, कुणी घातलं? टेबलावर मशीनगन पडलेली असते. काही मिनिटांपूर्वी एका भांड्यातलं जेवण वाढून घेणाऱ्या मुली एकमेकींना गोळ्या घालतात. यातली एकही मुलगी दुष्ट नाही. युकोसुद्धा मैत्रिणींना वाचवायलाच निघाली होती. सरकारला ‘प्रोग्राम’मधून हवं असतं ते हेच. शेजारच्या बाकावरच्यावर विश्वास ठेवता येत नाही हे एकदा मनात रुजलं की बंड करायला माणसं एकत्र येत नाहीत. आणि ‘माणूस जनावरच’ हा निष्कर्ष काढणारा वाचक नकळत त्याच सरकारची बाजू मांडत असतो.

रक्तपात फार आहे, हे मात्र मान्य. तागुचीची चित्रं कादंबरीपेक्षा कितीतरी भडक आहेत. वर्गातल्या मित्सुको या मुलीच्या प्रसंगांत तर ती मला अश्लीलतेकडे झुकलेली वाटतात. दहावीतल्या भाच्याला मी हे खंड देणार नाही.

चोरीचं लवकर आटोपतो. ‘हंगर गेम्स’ची लेखिका सुझान कॉलिन्सने सांगितलंय की हस्तलिखित देईपर्यंत तिने या कथेचं नावही ऐकलं नव्हतं. तिची सुरुवात झाली थिसियसच्या ग्रीक कथेतून आणि टीव्हीवर रिअॅलिटी शो व इराक युद्धाची दृश्यं आलटून पालटून बघताना. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण तिच्या गोष्टीत कॅमेरा मध्यभागी आहे आणि ताकामीच्या गोष्टीत तो नाही. चोरी केली म्हणावं, तर मुख्य ऐवजच जागेवर राहिलाय.

राहता राहिली बंदी. ती ना मांगावर होती, ना चित्रपटावर. चित्रपटावरून जपानी संसदेत वाद झाला, त्याला १५ वर्षांखालच्यांना मनाई करणारं प्रमाणपत्र मिळालं आणि तो तिकीटबारीवर धो धो चालला. दिग्दर्शक फुकासाकू स्वतः १९४५ मध्ये १५ वर्षांचा होता. त्याच्या वर्गाला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलं होतं. तोफांचा मारा झाला तेव्हा मुलं एकमेकांच्या अंगाखाली लपली आणि नंतर मेलेल्या मित्रांचे देह उचलायचं काम वाचलेल्यांकडेच आलं.