खड्डा : लागवड, जोपासना आणि काढणी

खड्डा हे खरीप पीक आहे. मृगाच्या आगेमागे पेरणी, श्रावणात भर आणि गणपतीच्या तोंडावर काढणी, इतकं त्याचं सरळ वेळापत्रक. तरीही उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांना गेटसमोर धड एक टिकाऊ खड्डा राखता येत नाही. जुलैत रिक्षाचं पुढचं चाक गिळणारा खड्डा ऑगस्टात कोणीतरी नीट बुजवून जातं आणि मग उरलेला पावसाळा ग्रुपवर बोलायला विषय राहत नाही. यात खड्ड्याचा काही दोष नाही. निगा कमी पडते.

सुरुवात पाण्यापासून करा. खडीला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. पाणी मुरायला पुरेसा वेळ मिळाला की खडी डांबराला सोडते, वरून टायरचा दाब आला की पाणी पिचकारीसारखं फटीत घुसतं, आणि एकेक खडा सुटा होऊन बाहेर पडतो. म्हणून रस्ता बांधताना मध्यापासून कडेला मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार देतात. पाणी थांबू नये, एवढाच त्याचा हेतू. तो हाणून पाडायला अभियंता लागत नाही, सोसायटीची कमिटी पुरते. गेटसमोर गाड्या चढायला गटारावर सिमेंटचा रॅम्प ओता. जाळी ठेवू नका. कोणी फारच आग्रह धरला तर खालून चार इंची पाइप टाका, दुधाच्या पिशव्या तो आठवड्यात बंद करतील. गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाचं तोंड थेट रस्त्यावर सोडा. शिवाय वरची टाकी रोज वीस मिनिटं वाहू द्या, म्हणजे मे महिन्यातही जागा ओली राहते. शनिवारी पाणी येत नाही म्हणून भांडणाऱ्या सोसायट्यांनाही हे सहज जमतं.

आता बियाणं. सर्वांत खात्रीचं वाण म्हणजे खोदाईचा चर. गॅस, केबल, नळजोडणी, यांपैकी काहीही चालेल. चर भरताना पंधरा-वीस सेंटीमीटरचा एकेक थर टाकून तो ठोकून घट्ट करायचा आणि मग पुढचा टाकायचा, अशी पद्धत आहे. ती पाळली गेली तर बियाणं फुकट जाईल. त्यामुळे चर भरला जात असताना खाली उतरू नका, उतरलात तर चहा विचारून परत या. निघालेली माती एकदम लोटून वर उंचवटा करून ठेवली की बाकीचं काम शाळेची बस करते. पहिल्या दोन सरींत चर बोटभर खचतो, कडेच्या डांबराखालचा आधार जातो आणि पीक रांगेत उगवतं. खोदणाऱ्याने रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे महापालिकेकडे आधीच भरलेले असतात. ते कुठल्या कामाला लागले, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. आलाच तर मॅच लावा.

रोप वीतभर झालं की खत. इथे सभासदांच्या दानशूरपणाला तोड नाही. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम निघालेलं असतंच, त्या फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे आणि प्लास्टरचा भुगा रात्री खड्ड्यात ओता आणि सकाळी 'आपणच पुढाकार घ्यायला हवा' असं लिहून फोटो टाका. दोन दिवस टाळ्यांचे इमोजी येतील. तिसऱ्या दिवशी विटेचा भुगा होऊन चिखल होईल, लादीचा तुकडा उभा राहून एखाद्या स्कूटीचा टायर कापेल, आणि खड्ड्याच्या कडा वीतभर रुंदावलेल्या दिसतील.

याहून जोमदार खत पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक एकट्याने उभा राहणारा प्राणी नव्हे. त्याला खाली वाळूची समतल गादी लागते आणि चारही बाजूंनी पक्की कड लागते, तेव्हा कुठे शेजारी शेजाऱ्याला धरून ठेवतो. डांबरात खोदलेल्या वेड्यावाकड्या खळग्यात तो नुसता बसवला की दाताच्या डॉक्टरने घाईत बसवलेल्या कॅपसारखा हलायला लागतो. प्रत्येक फटीतून पाणी खाली उतरतं. महिन्याभरात मधला ब्लॉक आत, कडेचा वर, आणि एका गोल खड्ड्याचा ऐसपैस चौकोनी प्लॉट तयार.

सावध राहायचं ते खऱ्या दुरुस्तीपासून. ती ओळखायची कशी, हे माहीत असावं, नाहीतर ऐन हंगामात गाफील सापडाल. खरी दुरुस्ती करणारी माणसं आधी खड्डा मोठा करतात. कटरने चौकोन आखून कडा सरळ उभ्या कापतात, भक्कम थर लागेपर्यंत सगळं सुटं काढतात, झाडून कोरडं करतात, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात देतात, मग गरम माल थराथराने भरून तो निवण्याआधी रोलर फिरवतात. माल प्लांटमधून दीडशे अंशांच्या आसपास निघतो. ट्रक वाहतुकीत तासन् तास अडकला आणि माल काळ्या चिवड्यासारखा सुटा झाला की रोलर फिरवूनही उपयोग नसतो. तेव्हा कटर आणि रोलर दिसले की समजा संकट आलं. ताबडतोब गाड्या आणून उभ्या करा. 'आत्ताच का, ऑफिसच्या वेळेलाच का,' म्हणून वाद घाला. उलट, टेम्पोतून दोन माणसं फावड्याने काळा माल भर पाण्यात टाकून पायाने थोपटत असतील, तर त्यांना बिलकूल अडवू नका. तो माल पुढच्या सरीला रस्ताभर पसरतो आणि दुचाकीच्या चाकाखाली साबुदाण्यासारखा घरंगळतो. याला फवारणी समजावं.

रस्ता कोणाचा, हे मात्र कधीही शोधू नका. या बाबतीत डोंबिवलीकर नशीबवान. आतले बहुतेक रस्ते महापालिकेचे, कल्याण-शीळ रस्त्याचं काम रस्ते विकास महामंडळाचं, एमआयडीसी निवासी भागातल्या रस्त्यांची टोलवाटोलवी स्वतंत्र, आणि २०१५ मध्ये २७ गावं महापालिकेत आली तेव्हापासून हद्दीच्या वादाला खाद्य बारमाही. एकाच खड्ड्याची तक्रार तीन कार्यालयांत फिरून मूळ जागी परत येते, तोवर दिवाळीचे कंदील लागलेले असतात.

तक्रार मात्र करायची बरं का. न करणं हे बेजबाबदारपणाचं लक्षण. फक्त ती अशी करायची की पिकाला धक्का लागू नये. फोटो अगदी जवळून काढा, चौकटीत पाणी आणि चप्पल यांखेरीज काही येता कामा नये. दुकानाची पाटी, बसथांबा, चौकाचं नाव टाळा. विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक तर चुकूनही लिहू नका, कारण त्यावरून कनिष्ठ अभियंत्याला जागा दोन मिनिटांत सापडते. हा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर 'कृपया योग्य ठिकाणी फॉरवर्ड करणे' या मजकुरासह सोडा. २१४ सभासदांच्या ग्रुपवर योग्य ठिकाण म्हणजे दुसरा ग्रुप. संध्याकाळी तोच फोटो 'आपल्या शहराची अवस्था' म्हणून तुमच्याकडेच परत येईल. त्याला अंगठा द्या. कुणी अॅपवर रीतसर तक्रार टाकलीच आणि चार दिवसांनी 'काम पूर्ण' असा संदेश आला, तर खाली जाऊन खातरजमा करू नका. तक्रार पुन्हा उघडता येते का, ती उघडून त्याच जागेचा आजचा फोटो जोडता येतो का, असल्या चौकशा टाळाव्यात.

बातमी हवीच असेल तर आंतरपीक घ्या. खड्ड्यात भाताची रोपं लावणे, खड्ड्याला हार घालून नारळ फोडणे, वाढदिवसाचा केक कापणे, हे सगळे प्रकार आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेले आहेत. स्थानिक वार्ताहर येतो, दोन कॉलम छापून येतात, पक्षाच्या उपरण्यासकट फोटो येतो. भाताचं रोप दुसऱ्या दिवशी गाय खाते, खड्डा राहतो.

लोकप्रतिनिधींबद्दलही थोडं. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं प्रशासकाची. त्या काळात 'नगरसेवकच नाही हो' हे उत्तर पिकाला फार मानवलं. आता नगरसेवक आहेत, पण हिरमुसू नका: पॅनेल पद्धतीत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार. चौघांच्या आजीला खायला कोण घालणार, हा घरोघरचा अनुभव रस्त्यालाही लागू पडतो. एकाला फोन केलात तर तो दुसऱ्याचं नाव सांगेल, हे नक्की. चौघांना एकाच पत्राच्या चार प्रती करून पाठवल्या आणि प्रत्येकाकडून पोच घेतली तर मात्र चौघंही एकमेकांच्या आधी पोहोचण्याची भीती असते. पत्र पाठवू नका.

आता कीड. खड्ड्यावरची सर्वांत घातक कीड म्हणजे कागदअळी. ही बहुधा निवृत्त असते, 'ए' विंगमध्ये राहते, आणि खिशात टेप बाळगते. सुरुवातीला लक्षण दिसत नाही, ग्रुपवर ती गप्प असते. मग एक दिवस दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला, जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यातला अर्ज माहिती अधिकारात जातो. महाराष्ट्राच्या नियमानुसार एकाच विषयावर, दीडशे शब्दांत. ही मर्यादा तुमच्या बाजूची आहे, कारण सामान्य माणूस दीडशे शब्द 'गेली कित्येक वर्षे आम्ही कर भरूनही' यातच संपवतो आणि शेवटी 'खड्डे का पडतात?' असं विचारतो. 'का' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, नोंदीत असेल तेवढंच मिळतं. कागदअळीला हे ठाऊक असतं. ती फक्त मागते : या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश, झालेलं काम मोजून नोंदवलेल्या मोजमाप पुस्तकाची पानं, देयकाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख.

या शेवटच्या तारखेत पिकाचा जीव आहे. काम झाल्यावर करारात लिहिलेल्या मुदतीपर्यंत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तोवर त्याची अनामत रक्कम अडकलेली असते. तारीख कोणी विचारली नाही की ती गुपचूप निघून जाते, रक्कम परत जाते, आणि तोच खड्डा नव्या निविदेतून नव्या पैशांनी बुजतो. विचारली की मात्र अभियंत्याला ठेकेदाराच्या नावाने पत्र काढावं लागतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अळी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करते. त्याहून चिवट जात असेल तर ती कामाची पाहणी आणि मालाचे प्रमाणित नमुने मागते. कायद्याने तसा अधिकार दिलेला आहे, हे बहुतेकांना माहीत नाही आणि ते तसंच राहणं पिकाच्या हिताचं.

कीड-नियंत्रणासाठी औषध विकत आणावं लागत नाही. 'काका, तुम्हाला काय, वेळच वेळ आहे' ही मात्रा सकाळ-संध्याकाळ द्या. 'सगळे मिळालेले असतात' हे दुसरं. तरीही अळी जिवंत राहिली तर तिचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्या. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणजे पाऊस परतीला लागलेला. विषयपत्रिकेत त्याला शेवटचं स्थान द्या : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. पार्किंगवर दीड तास गेलेला असतो, बटाटेवड्याचा वास हॉलमध्ये शिरलेला असतो. काका कागद उलगडेपर्यंत खुर्च्या सरकू लागतात. इतिवृत्तात 'रस्त्याबाबत चर्चा झाली' एवढंच लिहा.

पिकाला विमाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर कुटुंबाला सहा लाख, आणि जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. दावा बाद करायची युक्ती सोपी. पडलेल्या माणसाला उचला, स्कूटी बाजूला घ्या, खड्ड्याचा फोटो काढू नका, पोलिसांत नोंद करू नका, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की 'पाय घसरला' म्हणून सांगा. केसपेपरवर जागा, वेळ आणि खड्डा, तिन्ही आले नाहीत की पुढे सगळं शांत. मोडलेलं हाड काय, सहा आठवड्यांत जुळतं.

गणपतीच्या आधी 'सर्व खड्डे बुजवणार' अशी घोषणा होईल. ती दर वर्षी होते, तिला घाबरण्यासारखं काही नाही. मूर्ती येण्याच्या आदल्या रात्री मुरूम आणि बारीक खडी पडेल, विसर्जनापर्यंत तेही जाईल. खरी काळजी दिवाळीनंतरची, कारण तेव्हा रस्त्याचा नवा थर येतो आणि चौकात चार फोटोंचा फलक लागतो. थर टाकताना जुना थर खरवडला जात नाही ना, एवढं गॅलरीतून बघा. नुसता वरून चढवला तर रस्ता दर खेपेला दोन इंच उंच होतो आणि दहा वर्षांत पाणी गटारात न जाता तुमच्याच कंपाउंडमध्ये उतरतं. स्वतःच्या आवारात खड्डा, ही सोय फार थोड्यांच्या नशिबी.

रस्ता नवा झाला की त्याच आठवड्यात कमिटीची बैठक लावा आणि वाढीव नळजोडणीचा ठराव करून अर्ज लिहून ठेवा. देऊ मात्र नका. उन्हाळाभर तो सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये मुरू द्या आणि एप्रिल संपता संपता द्या. खोदाईची परवानगी पावसाळ्याच्या तोंडावर थांबते, त्यामुळे शेवटच्या घटकेला धावपळ करून मिळवलेल्या चराची भरणी कोणी ठोकत बसत नाही. मेच्या अखेरीस माती लोटली जाईल, वळवाची एक सर येईल, आणि ७ जूनला पेरणी वेळेवर.