एका पायावर उभे राहून समजणारे तत्त्वज्ञान

अमेरिकन लेखिका आयन रँड यांचे तत्त्वज्ञान समजून घ्यायचे आपण ठरवले असेल, तर वय अठरा ते बावीसच्या दरम्यान असावे, मुक्काम इंजिनिअरिंगच्या होस्टेलात असावा आणि मेसचे पैसे वडिलांनी केळी विकून आलेल्या पट्टीतून वेळच्या वेळी पाठवलेले असावेत. उपाशीपोटी स्वावलंबनाची गोडी नीट लागत नाही.

प्रारंभ १९४३ च्या 'द फाउंटनहेड'पासून करावा. आपल्या आराखड्यात परस्पर बदल केले म्हणून त्यातला वास्तुविशारद गरिबांसाठी उभारलेली वसाहत सुरुंगाने उडवतो आणि तरीही निर्दोष सुटतो. घरकुलाची खिडकी गवंड्याने दोन वीत सरकवली, तेव्हा आपण त्याला चहा पाजून गप्प बसलो होतो, हे वाचताना आठवू नये. त्यानंतर १९५७ चे 'ॲटलस श्रग्ड' घ्यावे. हजारावर पानांच्या या कादंबरीत नायकाचे रेडिओवरचे भाषणच साठेक पाने चालते. माझ्या भाच्याने ते रावेरच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचले. वाती वळता वळता आजीने बराच वेळ ऐकून घेतले आणि विचारले, "एवढं बोलला, त्याले कोन्ही पानी देलं का नही रे?" असा प्रश्न आल्यास विचारणाऱ्यास अविवेकी ठरवून पान उलटावे.

एवढा वेळ नसेल, तरी सोय आहे. एका पायावर उभे राहून तत्त्वज्ञान सांगता येईल का, असे बाईंना विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी ते चार शब्दांत उरकले होते: वस्तुनिष्ठ वास्तव, विवेक, स्वहित आणि भांडवलशाही. रशियन क्रांतीनंतर वडिलांचे औषधांचे दुकान बोल्शेविकांनी हिसकावल्याचे ज्या मुलीने पाहिले, तिचा समूहाच्या नावावरचा राग पोकळ नव्हता, हेही खरे. मात्र न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या शिष्यमंडळाने गमतीने स्वतःला 'समूह' हेच नाव घेतले होते आणि १९६८ मध्ये बाईंनी आपल्या पट्टशिष्यालाच जाहीर निवेदन काढून बाहेर काढले. व्यक्तीने स्वतःच्या बुद्धीने विचार करावा. निष्कर्ष तेवढे बाईंचे असावेत.

अभ्यास सुरू असेपर्यंत धुळ्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठी फिरकू नये. तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या रानाचे फड, म्हणजे मोठे हिस्से, पाडतात, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते, आणि कोणाच्या वाफ्यात पाणी कधी शिरेल ते पाटाचे पाणी वाटणारा पाटकरी ठरवतो. जमीन ज्याची त्याची, सातबारा ज्याचा त्याचा, आणि तरीही ऊस लावायचा की नाही हे चारचौघांत ठरते. असे दृश्य कोवळ्या मनावर वाईट परिणाम करते. तापीवरचे हतनूर धरण कोणत्या एकट्या धाडसी उद्योजकाने बांधले, याचाही शोध घेऊ नये.

शेवटचा धडा सर्वांत उपयोगी आहे. सरकारी मदतीच्या या कट्टर विरोधक बाईंनी उतारवयात सरकारी सामाजिक सुरक्षेचे पैसे घेतले. त्यात विसंगती मुळीच नाही, कारण अशा योजनांना जो विरोध करतो, त्यालाच त्यांचा लाभ घेण्याचा नैतिक हक्क पोहोचतो, हे त्यांनी पूर्वीच लिहून ठेवले होते. तेव्हा विकास सोसायटीच्या भिंतीवर कर्जमाफीची यादी लागेल, त्या दिवशी पुस्तक काखेत धरून, मनातल्या मनात तीव्र विरोध नोंदवून, वडिलांचे नाव शोधावे. यादी लांबलचक असते; तेवढ्यापुरता दुसराही पाय टेकवण्यास हरकत नाही.