393 सालच्या त्या फर्मानाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की माझ्या लेखात मी रोमनांची भलामण केली. त्यांनी ग्रीकांचे प्राचीन ऑलिम्पिक खेळ आधी लुटले, मग विटाळले आणि शेवटी इ. स. 393 मध्ये थिओडोसियस सम्राटाच्या फर्मानाने बंद पाडले. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी नाही.

रोमन सेनानी सुल्लाचा उल्लेख माझ्या लेखात यायलाच हवा होता. राहिला, ही चूक माझी. सैन्याच्या खर्चासाठी त्याने ऑलिम्पिया (हे खेळ भरायचे ते ठिकाण), डेल्फी आणि एपिडॉरसच्या देवळांतला खजिना उचलला. पुढे इ. स. पू. 80 मध्ये आपला विजय साजरा करायला त्याने खेळाडूच रोमला नेले; ऑलिम्पियात त्या वेळी धावण्याची एक शर्यत तेवढी उरली. सम्राट नीरोचं तर विचारूच नका. इ. स. 65 चे खेळ त्याच्यासाठी 67 पर्यंत लांबले. दहा घोड्यांच्या रथातून तो पडला, शर्यत पुरी केली नाही, तरी विजेता तोच!

पण खेळ वाढले तेही रोमच्याच अमलात. सम्राट ऑगस्टसने अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईतल्या विजयानंतर ग्रीसमधल्या निकोपोलिसला खेळ भरवले. सम्राट डोमिशियनने इ. स. 86 मध्ये थेट रोममध्ये ग्रीक पद्धतीच्या स्पर्धा सुरू केल्या. त्याच्या स्टेडियमचा लांबुळका आकार आजच्या पियात्सा नावोना चौकात दिसतो. सम्राट हेड्रियनने तर खेळांसाठी ठेवलेला पैसा शहरांनी दुसऱ्या कामाला वळवू नये, अशी ताकीदच दिली.

आणि पाणी! ऐन उन्हाळ्यात हजारो माणसं ऑलिम्पियाला जमायची, पाण्याचे हाल व्हायचे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला धनाढ्य ग्रीक हेरोडीस अ‍ॅटिकसने तिथे पाट आणून भव्य कारंजं बांधलं. त्या कारंज्यावरचा संगमरवरी बैल आज तिथल्या संग्रहालयात आहे. त्याच्या कुशीवर कोरलंय, की धान्यदेवता डीमीटरची पुजारीण रेगिला हिने हे पाणी देवांचा राजा झ्यूसला अर्पण केलं. रेगिला ही हेरोडीसची रोमन बायको. 'विटाळले' या एका शब्दात मला ती बसवता येत नाही.

आता फर्मान. थिओडोसियसचे 391-392 चे हुकूम बळी देण्याविरुद्ध आणि देवळांत जाण्याविरुद्ध आहेत. त्यांत खेळांचं नाव नाही. त्याच्या काळात खेळ संपले, असं लिहिणारा बायझंटाइन इतिहासकार केड्रेनस अकराव्या शतकातला, म्हणजे सातशे वर्षांनंतरचा. दुसरी एक जुनी नोंद हाच शेवट त्याच्या नातवाच्या, दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, झ्यूसचं देऊळ जळाल्यावर झाल्याचं सांगते.

1994 मध्ये ऑलिम्पियात विजेत्यांच्या नावांचा ब्राँझचा पत्रा सापडला. त्यावरची शेवटची नावं अथेन्सच्या दोघा भावांची, चौथ्या शतकाच्या शेवटाकडची. पाचशेहून अधिक वर्षं रोमची सत्ता अंगावर असूनही अथेन्सची पोरं तिथे लढायला येत होती. सीरियातल्या अँटिओकचे ऑलिम्पिक खेळ तर इ. स. 520 पर्यंत चालले.

माझ्या मते खेळ एका दिवसात मेले नाहीत. झ्यूसला बळी देणं हा त्या उत्सवाचा गाभा; तो गेला, नगरांच्या तिजोऱ्या आटल्या, नवा धर्म आला. ऑलिम्पियातल्या ज्या कार्यशाळेत शिल्पकार फिडियसने झ्यूसची सोन्या-हस्तिदंताची मूर्ती घडवली, तिथेच पुढे चर्च उभं राहिलं.

सुल्लाचा परिच्छेद आज लेखात घालतो. खेळांवर स्पष्ट बंदी घालणारा हुकूम तुमच्या वाचनात असेल, तर त्यातले शब्द जरूर पाठवा. तेवढा भागही बदलीन.